स्वस्त क्रिप्टो मशीन विकणाऱ्यांना खुलं पत्र: करारातल्या त्या शेवटच्या कलमाबद्दल

प्रति,
रोख रकमेवर चालणारी क्रिप्टो एटीएम (नोटा भरल्या की बिटकॉइनसारखं आभासी चलन पाठवणारी मशीनं) बनवणारे, जोडून देणारे आणि विकणारे सर्व व्यावसायिक

विषय: कमी किमतीच्या मशीनमधून काय वगळलं जातं आणि ते शेवटी कोणाच्या अंगावर येतं

स. न. वि. वि.

छोट्या दुकानदारांचे आणि गुंतवणूकदारांचे खरेदी-करार सही होण्याआधी वाचून देणं, हे माझं काम. तुमच्या मशीनचे करारही त्यात येतात. त्यांची मांडणी आता मला तोंडपाठ झाली आहे. पहिल्या पानावर मशीनचा फोटो आणि किंमत. दुसऱ्या पानावर गुंतवणूक किती महिन्यांत वसूल होईल याचा तक्ता. मग वॉरंटी, सुटे भाग, सॉफ्टवेअरचं शुल्क. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, बारीक टाइपात एक ओळ: ‘मशीन ज्या ठिकाणी चालवलं जाईल तिथल्या सर्व कायद्यांचं पालन ही सर्वस्वी खरेदीदाराची जबाबदारी राहील.’ कुठला कायदा, कोणत्या खात्याची नोंदणी, त्याला वेळ किती, खर्च किती, याबद्दल एक अक्षर नसतं.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

आधी एक स्पष्ट करते. मशीन स्वस्त असू नये असं माझं म्हणणं नाही, उलटच आहे. २९ ऑक्टोबर २०१३ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या एका कॉफीच्या दुकानात रोबोकॉइन कंपनीचं मशीन सुरू झालं, तिथून या धंद्याची सुरुवात मानली जाते. त्याच सुमारास लमासू कंपनीने आपलं मशीन ५,००० डॉलरला आणलं. २०१४ मध्ये स्कायहुक नावाचं मशीन ९९९ डॉलरला मिळू लागलं, आणि त्याची रचना कोणालाही पाहता येईल अशी खुली ठेवलेली होती. मला तो प्रयत्न आजही आवडतो. नोट ओळखणारा भाग, एक छोटा संगणक, क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा, स्क्रीन आणि इंटरनेट एवढ्यावर मशीन उभं राहतं हे त्याने दाखवून दिलं. मशीन महाग असलं की धंदा चार-दोन मोठ्या साखळ्यांच्या हातात जातो, आणि ग्राहकाने किती टक्के मोजायचे ते मग त्याच ठरवतात. अमेरिकेत साधारण तसंच झालं आहे. तेव्हा स्वस्त मशीनला माझा पाठिंबा आहे. ते स्वस्त कशामुळे झालं, एवढंच मी विचारते आहे.

काही बचत रास्त असते. ग्राहकाकडून नोटा घेऊन आभासी चलन पाठवणारं एकमार्गी मशीन, नोटा मोजून परत देणाऱ्या दुमार्गी मशीनपेक्षा स्वस्त पडणारच. नोटा बाहेर देणारा भाग महाग असतो, तो नाजूक असतो, आणि त्यात सतत रोकड भरून ठेवावी लागते. तो भाग काढला, किंमत उतरली, ग्राहकाचं काही बिघडलं नाही. याला माझी हरकत नाही.

पण दुसरी बचत अशी की ती फोटोत दिसतच नाही. २०२१ मध्ये क्रॅकेन सिक्युरिटी लॅब्सने (क्रॅकेन या क्रिप्टो बाजाराच्या सुरक्षा-पथकाने) जनरल बाइट्स कंपनीचं एक लोकप्रिय मशीन उघडून तपासलं. व्यवस्थापकाचा अधिकार देणारा क्यूआर कोड कारखान्यातून येताना ठरलेला होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून विकत घेतलेल्या वापरलेल्या मशीनमध्येही तोच कोड सापडला. म्हणजे मालक बदलले, जागा बदलल्या, किल्ली तीच राहिली. नोटांचा डबा आणि आतला संगणक एकाच कप्प्यात, एकाच कुलपाआड होते. दार उघडल्याची सूचना कोणाला जाईल अशी सोय नव्हती. संगणक सुरू होताना आपलं सॉफ्टवेअर कोणी बदललं आहे का, हे तो तपासत नव्हता. रोकड न्यायला येणारा माणूस आणि मशीनच्या मेंदूत हात घालू शकणारा माणूस एकच झाला. मालकाने नोटा गोळा करायला कोणाला पगारावर ठेवलं असेल, तर त्या पगारी माणसाच्या हाती त्याने काय दिलं आहे, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

मार्च २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला. मशीनमधून व्हिडिओ चढवण्यासाठी ठेवलेल्या वाटेने हल्लेखोरांनी आपला प्रोग्राम सर्व्हरवर घुसवला आणि चालकांच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्यांच्या, ऑनलाइन वॉलेटमधून (आभासी चलन ठेवण्याच्या डिजिटल पाकिटातून) ५६ बिटकॉइन नेले, तेव्हाच्या भावाने सुमारे १५ लाख डॉलर. त्यानंतर कंपनीने आपली क्लाउड सेवा बंद केली आणि चालकांना स्वतःचे सर्व्हर उभे करायला सांगितलं. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण ‘तुम्ही फक्त प्लग लावा, बाकी सगळं आम्ही बघतो’ असं ऐकून ज्याने डबा घेतला होता, त्याला एके दिवशी सर्व्हर सांभाळायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. त्याच्या हिशेबाच्या तक्त्यात तो खर्च कुठेच नव्हता.

आता कायद्याकडे येते. इथे माझी तक्रार अधिक गंभीर आहे.

रोख घेऊन दुसऱ्या ठिकाणी मूल्य पोहोचवणारा माणूस जगात बहुतेक ठिकाणी पैशांची ने-आण करणारा व्यावसायिक समजला जातो. मध्ये बिटकॉइन आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही. आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फिनसेन या सरकारी संस्थेने हे मार्च २०१३ मध्येच सांगितलं होतं, म्हणजे व्हँकुव्हरचं मशीन लागायच्याही आधी. मे २०१९ मध्ये तिने पुन्हा मार्गदर्शन काढलं आणि त्यात अशा मशीनचा नाव घेऊन उल्लेख केला. तिथे चालकाला धंदा सुरू केल्यापासून १८० दिवसांत नोंदणी करावी लागते, मनी लाँडरिंग रोखण्यासाठी लेखी कार्यपद्धती ठेवावी लागते, १०,००० डॉलरवरच्या रोखीच्या व्यवहाराचा अहवाल द्यावा लागतो आणि संशयास्पद व्यवहार वेगळे कळवावे लागतात. त्यावर जवळपास प्रत्येक राज्याचा स्वतःचा परवाना आहेच. विनापरवाना असा धंदा चालवणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कॅनडात जून २०२० पासून आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्याला फिनट्रॅक या तिथल्या तशाच संस्थेकडे नोंदणी लागते.

आणि काही ठिकाणी दार बंदच आहे. सिंगापूरने जानेवारी २०२२ मध्ये सार्वजनिक जागांवरची मशीनं नकोत असं सांगितलं, ती बंद झाली. ब्रिटनच्या एफसीए या नियामकाने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं की त्यांच्याकडे नोंदलेल्या एकाही कंपनीला मशीन चालवायची परवानगी नाही, त्यामुळे चालू असलेलं प्रत्येक मशीन बेकायदा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीच्या बाफिन या वित्तीय नियामकाने ३५ ठिकाणी तपासणी केली, १३ विनापरवाना मशीनं आणि सुमारे अडीच लाख युरोची रोकड ताब्यात घेतली. न्यूझीलंडच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. बंगळुरूच्या एका मॉलमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये बसवलेलं मशीन थोडेच दिवसांत पोलिसांनी उचललं होतं. एका देशात जे मशीन कमाईचं साधन असतं, तेच सीमा ओलांडली की जप्तीचा मुद्देमाल होतं. हे तुम्हाला ठाऊक असतं, कारण तुम्ही अनेक देशांत माल पाठवता. खरेदीदार एकाच ठिकाणचा, पहिल्यांदाच या धंद्यात आलेला. माहिती तुमच्याकडे आणि जबाबदारी त्याच्याकडे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचं पुढे काय होतं तेही पाहा. ब्रिटनमध्ये नोंदणी नाकारल्यावरही दुकानांमधून किमान २८ मशीनं चालवणाऱ्या एका माणसाला फेब्रुवारी २०२५ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. तो ग्राहकांकडून मूळ भावाच्या ३० ते ६० टक्के जास्त घेत होता, असं नियामकाने सांगितलं. कॅलिफोर्नियात १७ मशीनं चालवणाऱ्या एका माजी बँक कर्मचाऱ्याला २०२१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. नोंदणी लागते हे त्याला माहीत होतं, त्याने केली नाही. या दोघांबद्दल मला सहानुभूती नाही, दोघांनी समजून-उमजून केलं. पण ज्यांना खरंच समजलेलं नसतं, त्यांचंही नाव कायद्याच्या त्याच कलमाखाली लिहिलं जातं. अजाण खरेदीदारासाठी वेगळं कलम नसतं.

तुमच्यापैकी काहींची विक्रीची माणसं सांगतात की एका व्यवहाराची मर्यादा कमी ठेवा, मग केवायसी लागत नाही, मग परवानाही लागत नाही. हे दोन वेगळे प्रश्न मुद्दाम एकत्र केले जातात. ग्राहकाची ओळख किती रकमेपासून घ्यायची, याची मर्यादा अनेक ठिकाणी असते. धंद्याच्या नोंदणीला तशी मर्यादा असेलच असं नाही. छोट्या रकमांचा धंदाही धंदाच असतो. शिवाय एकाच माणसाने दिवसभरात पाच वेळा थोडं-थोडं भरलं, तर ते वेगवेगळे व्यवहार की एकच, हे मशीनला कळणार कसं, जर त्याने ग्राहकाची ओळखच घेतली नसेल? कॅनडासारख्या देशांत चोवीस तासांतले व्यवहार एकत्र धरण्याचा नियम आहे. बिनओळखीचं मशीन तो पाळूच शकत नाही. नियम मोडणं हा तिथे चालकाचा निर्णय राहत नाही, तुम्ही पाठवलेल्या डब्यातच तो घातलेला असतो.

आता त्या माणसाबद्दल, जो तुमचा करार कधीच वाचत नाही. मशीनसमोर उभा असलेला ग्राहक.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. फोन येतो: तुमच्या खात्यातून गुन्हा झाला आहे, किंवा तुमच्या संगणकात कोणी शिरलं आहे, किंवा नातेवाईक अटकेत आहे. पैसे सुरक्षित करायचे तर बँकेतून काढा आणि अमुक ठिकाणच्या मशीनमध्ये भरा. क्यूआर कोड आम्ही पाठवतो. तो कोड ठगाच्या वॉलेटचा. ग्राहक नोटा एकेक करून भरतो आणि काही मिनिटांत ते पैसे वॉलेटच्या अशा पत्त्यावर जातात जिथून कोणीही ते परत आणू शकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आलेल्या तक्रारींनुसार या मशीनमधून झालेलं नुकसान २०२० मध्ये १.२ कोटी डॉलर होतं, २०२३ मध्ये ते ११ कोटींच्या वर गेलं. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत तक्रारदारांच्या नुकसानीचा मध्यांक १०,००० डॉलर होता, म्हणजे साधारण निम्म्यांचं नुकसान त्याहून जास्त. साठी ओलांडलेल्यांकडून अशा नुकसानीची तक्रार येण्याचं प्रमाण तरुणांच्या तिपटीहून जास्त. २०२४ या वर्षात एफबीआयकडे सुमारे ११,००० तक्रारी आणि २४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान नोंदलं गेलं. आणि हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचं.

‘आम्ही स्क्रीनवर सावधानतेची सूचना दाखवतो’ असं तुम्ही म्हणाल. दाखवता, खरं आहे. पण ग्राहक त्या वेळी ठगाशी फोनवर बोलत असतो आणि ठग त्याला आधीच सांगून ठेवतो की आता एक पाटी येईल, ‘हे वॉलेट तुमचंच आहे का’ असं विचारेल, ‘हो’ दाबा. घाबरलेला माणूस ‘हो’ दाबतो. ती पाटी वकिलाच्या उपयोगाची आहे, ग्राहकाच्या नाही.

उपयोग होतो तो थांबण्याचा. नवीन ग्राहकाचा पहिला व्यवहार ताबडतोब न पाठवता रोखून ठेवायचा, पहिल्या काही दिवसांत रकमेला कमी मर्यादा घालायची, वॉलेटचा पत्ता आधी कुठल्या फसवणुकीत आला आहे का ते पाठवण्यापूर्वी तपासायचं, आणि या मुदतीत ग्राहकाने सांगितलं तर पैसे परत द्यायचे. मुलीला किंवा शेजाऱ्याला संध्याकाळी सगळं सांगितल्यावर ज्याचे डोळे उघडतात, त्याच्यासाठी ती रात्र महत्त्वाची असते. मिनेसोटाने २०२४ च्या कायद्यात नव्या ग्राहकाला दिवसाची २,००० डॉलरची मर्यादा घातली आणि ठरावीक मुदतीत तक्रार केल्यास परतावा द्यायला लावला. ऑस्ट्रेलियाच्या ऑस्ट्रॅक या नियामकाने जून २०२५ मध्ये रोख भरण्या-काढण्यावर ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा आणली. परतावा सक्तीचा झाला की चालकापुढे दोनच वाटा उरतात: व्यवहार रोखून ठेवणं किंवा गेलेले पैसे खिशातून भरणं. रोखून ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर दुसरीच उरते. एकाच मोठ्या परताव्यात त्याच्या मशीनची किंमत वाहून जाईल.

म्हणून वसुलीच्या तक्त्याकडे परत येते. बहुतेक तक्त्यांत प्रत्येक व्यवहारावर वीस टक्के किंवा त्याहून जास्त कमाई धरलेली दिसते आणि रकमेला मर्यादा धरलेली नसते. कॅलिफोर्नियात २०२४ पासून एका ग्राहकाकडून दिवसाला १,००० डॉलरच घेता येतात आणि २०२५ पासून शुल्क पाच डॉलर किंवा १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्यापुढे जाऊ शकत नाही. हे आकडे घालून तोच तक्ता पुन्हा मांडा. त्यात रोकड उचलण्याचा, बँक खात्याचा (जे मिळणंच मुळात कठीण, बँका या धंद्याला खाती द्यायला बिचकतात), अनुपालन (नियम पाळले जातात का ते) पाहणाऱ्या माणसाचा, पत्ते तपासणाऱ्या सेवेचा आणि जागेच्या भाड्याचा खर्च घाला. मशीनची किंमत त्यात किती छोटी दिसते ते पाहा. तुम्ही ज्या स्वस्ताईची जाहिरात करता, ती एकूण खर्चाच्या सगळ्यात लहान भागावरची सूट आहे.

गंमत अशी की शुल्कावर अशी मर्यादा आली की खरोखर स्वस्त मशीनची गरज वाढते. ज्याला ग्राहकाकडून तीस टक्के काढता येतात, त्याला महागडं मशीन परवडतं. ज्याला पंधरावर भागवायचं आहे, त्याला प्रत्येक खर्च मोजावा लागतो. तुमच्यासाठी ही खरी संधी आहे, आणि ती तुम्ही नियम चुकवण्याच्या जाहिरातीवर घालवत आहात असं मला वाटतं. अनुपालनाचं काम मशीनमध्येच बसवलेलं, दहा छोट्या चालकांत वाटून स्वस्त पडणारं मशीन कोणी आणलं, तर मोठ्या साखळ्यांना घाम फुटेल. नियामकांनाही इथे एक शब्द: दहा मशीनवाल्याला आणि हजार मशीनवाल्याला परवान्याचा खर्च सारखाच येणार असेल, तर दहावाला एक तर बुडेल किंवा लपेल. पण हे पत्र त्यांना नाही.

‘आम्ही फक्त डबा विकतो’ हे उत्तर मी ऐकलेलं आहे. ते पूर्ण खरं नाही. तुमच्यातले काही जण प्रत्येक व्यवहारामागे सॉफ्टवेअरचं शुल्क घेतात, दूरवरून मशीन अद्ययावत करतात, बंदही करू शकतात. ज्याची कमाई दर व्यवहारातून येते, त्याचा संबंध विक्रीच्या दिवशी संपत नाही.

तर माझ्या मागण्या. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मशीनचा व्यवस्थापकीय कोड वेगळा असावा आणि पहिल्या वापरात तो बदलल्याशिवाय मशीन सुरूच होऊ नये. हाच नियम मशीन दुसऱ्या मालकाकडे गेल्यावरही लागू व्हावा, कारण जुन्या मशीनमध्ये आधीच्या ग्राहकांच्या ओळखपत्रांचे फोटोही राहिलेले असू शकतात. नोटांचा कप्पा वेगळा, संगणकाचा वेगळा. एक जादा कुलूप आणि पत्र्याची एक पट्टी, याने तुमचा नफा बुडणार नाही. नव्या ग्राहकाची मर्यादा आणि रोखून ठेवण्याची मुदत आधीपासून चालू स्थितीत पाठवा. ती वाढवायची किंवा काढायची असेल तर चालकाने स्वतः, कारण नोंदवून काढावी. आज बहुधा उलट असतं, सोय असली तरी बंद असते आणि ती कुठे आहे हे शोधावं लागतं. ज्या देशात मशीन चालवायला सरळ बंदी आहे, तिथल्या पत्त्यावर माल पाठवू नका. नोंदणी लागते तिथे नोंदणीचा क्रमांक मिळाल्यावरच सॉफ्टवेअर सुरू करून द्या. अशाने थोडी विक्री जाईल, हे मला मान्य आहे.

आणि ते कलम. त्याच्या जागी मला एक पान हवं आहे: या देशात, या तारखेला, आमच्या माहितीप्रमाणे या संस्थेकडे नोंदणी लागते, ग्राहकाची ओळख या रकमेपासून घ्यावी लागते, शुल्काला आणि रकमेला ही मर्यादा आहे, आणि आमचं मशीन यांपैकी इतकं करतं, इतकं करत नाही. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कायद्याचा सल्ला देऊ नका, तो खरेदीदार आपल्या वकिलाकडून घेईल. मशीन काय करू शकत नाही, हे मात्र तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते की ते पान जोडल्याशिवाय सही करू नका आणि आगाऊ रक्कमही देऊ नका. काहींनी तसं विचारल्यावर विक्रेत्यांकडून पुन्हा फोनच आला नाही, तेवढ्यावरच त्यांचे पैसे वाचले. कोणी मागण्याआधीच तुम्ही ते पान जोडू लागलात, तर माझ्याकडचं काम कमी होईल. मला चालेल.

उत्तर द्यायचं असेल तर जाहीरपणेच द्यावं, ही विनंती.

कळावे,
खरेदी-करार वाचून देणारी एक सल्लागार